स्नानाचें ऊन पाणी

नवें घर बांधूं लागलें म्हणजे माणसाला किती प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागतात, हें ज्यानें घर बांधलें त्यालाच ठाऊक. माझ्या मुलानें जुळे सोलापुरांत घर बांधावयास काढलें, तेव्हां असाच एक प्रश्न माझ्या वांट्याला आला. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हावयाचा होता. गवंडी न्हाणीघराच्या दारांत उभा राहून म्हणाला, "गुरुजी, ऊन पाण्याची नळी कुठून आणायची तें आजच सांगा. गिलावा झाल्यावर भिंत फोडायला लावूं नका." मुलाचा कल विजेच्या गीझरकडे होता. शेजारच्या गृहस्थांनीं गॅसचा गीझर स्वस्त पडतो असें सांगितलें. माझ्या डोळ्यांपुढें माळ्यावर पडलेला आईचा तांब्याचा बंब आला. सून मात्र कांहींच बोलली नाहीं. मी गवंड्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि जन्मभर शाळेंत इतिहास शिकविण्याची संवय असल्यामुळें त्या आठ दिवसांत पाणी तापविण्याचा इतिहासच धुंडाळीत बसलों. त्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवितों.

शीत देशांतील गृहस्थाला नवें घर बांधतांना खोल्या उबदार कशा ठेवाव्या, ही पहिली चिंता असते. रोमन लोकांनीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं फरशी लहान लहान खांबांवर उचलून धरली आणि तिच्याखालून भट्टीची तप्त हवा खेळविली. आमच्या सोलापुरास ही चिंता नाहीं. वैशाखांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो. आमच्या वाडवडिलांनीं जाड भिंतींचीं, मातीच्या धाब्याचीं घरें बांधलीं, तीं उष्णता आंत आणण्याकरितां नव्हे, बाहेर ठेवण्याकरितां. तेव्हां आमच्या घरांत उष्णतेची सोय करावयाची ती दोनच ठिकाणीं: स्वयंपाकाच्या चुलीवर आणि न्हाणीघरांत. तरी पण संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत, पहांटे थंड पाण्याचा तांब्या अंगावर घेऊन पाहावा, म्हणजे ही दुसरी सोय किती निकडीची आहे तें कळून येईल.

मराठींत 'ऊन' हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. अंगणांत पडतें तेंहि ऊन आणि घंगाळांत घेतों तें पाणीहि ऊन. दोहोंचें मूळ संस्कृत 'उष्ण' ह्या शब्दांत आहे. निसर्गानें आयतें तापवून दिलेलें पाणी ज्या गांवांना लाभलें, त्यांच्या नांवांतहि हाच शब्द दिसतो. राजापूरजवळचें उन्हाळें, दापोली तालुक्यांतील उन्हवरें, खानदेशांत चोपड्याकडील उनपदेव, हीं सर्व ऊन पाण्याच्या झऱ्यांचीं ठिकाणें. परंतु असे झरे थोड्यांच्या नशिबीं. बाकीच्यांना विस्तव पेटविणें भाग पडलें. आणि विस्तव पेटवावयाचा म्हटला कीं सरपण आलें, धूर आला, राख आली, व तें सारें करणारें माणूसहि आलें.

राजेरजवाड्यांपुढें ही अडचण नव्हती. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर पुढें मोंगलांकडे गेली. तापीकांठच्या तेथील शाही किल्ल्यांत शहाजहानच्या काळचा हमामखाना आजहि पाहावयास मिळतो, आणि त्यांतील रंगीत नक्षीचे अवशेष अद्याप दिसतात. ह्याच शहरांत १६३१ सालीं मुमताजमहल निवर्तली. हमामाची सामान्य रचना अशी कीं, भिंतीआड भट्टी, तिच्यावर पाण्याची टांकी, आणि नळांतून आंत येणारें ऊन पाणी. स्नान करणाऱ्याला विस्तव दिसत नसे. भिंतीच्या अलीकडे नक्षी आणि सुगंध. पलीकडे लांकडें सारणारा आणि राख उपसणारा चाकर. इतिहासांत नांव नक्षी काढविणाऱ्याचें राहिलें, भट्टीवरच्या माणसाचें राहिलें नाहीं. ही गोष्ट मी मनांत टिपून ठेविली, कारण पुढेंहि ती मला वारंवार भेटत गेली.

सामान्य प्रपंचांत हमाम कोठून असणार? तेथें चुलवण. परसांत किंवा न्हाणीच्या कोपऱ्यांत मातीची मोठी चूल, तिच्यावर कायमचा बसविलेला हंडा, आणि खालीं जाळ. मंगळवेढ्याच्या बाजूचें आमचें खेडें काळ्या रानांतलें. ज्वारीसाठीं त्या मातीची कीर्ति मोठी. पण झाड मात्र शोधून सांपडावयाचें नाहीं. कोंकणांत किंवा मावळांत लांकूडफांटा हाताशीं असतो. आमच्याकडे तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या हेंच सरपण. तुराटी भसकन् पेटते आणि तितक्याच लवकर विझते. तिच्यापुढून उठतां येत नाहीं. गोवरी दम धरते, पण डोळ्यांतून पाणी काढते, शिवाय तिच्यांतलें शेण खत म्हणून शेताला मिळावयाचें तें राख होऊन जातें.

आमची आई पहांटे चार वाजतां उठे. विहिरीचें पाणी आणून हंडा भरी, चुलवण पेटवी, आणि फुंकणीनें जाळ राखीत बसे. प्रथम वडील, मग आजोबा, मग आम्ही मुलें. सर्वांचीं स्नानें उरकून तिची पाळी येई, तोंपर्यंत जाळ विझून हंड्याच्या तळाशीं कोमट पाणी उरलेलें असे. आम्हांला त्यांत कांहीं विशेष वाटत नसे. १९७२ च्या दुष्काळांत मी दहा-बारा वर्षांचा होतों. पाणी मोजून मिळे, आणि सरपणाची तर त्याहून टंचाई. त्या दिवसांत आई तांब्याची कळशी भरून दुपारभर अंगणांतल्या उन्हांत ठेवी, आणि संध्याकाळीं धाकट्या भावंडांना त्या पाण्यानें न्हाऊं घाली. तान्ह्या बाळाचें पाणी असें उन्हांत ठेवण्याची चाल पुष्कळ घरांतून होती. अडचणींतली युक्ति, यापलीकडे आम्हीं तिला कधीं महत्त्व दिलें नाहीं.

पुढें आम्ही सोलापुरास आलों आणि वडिलांनीं बंब घेतला. आजच्या मुलांना 'बंब' म्हटलें कीं आग विझविणारी गाडी आठवते. आम्हांला तांब्याचें तें उभें, तकतकीत पात्र आठवतें. त्याची रचना मोठी शहाणपणाची. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी, नळींत विस्तव आणि नळीभोंवतीं पाणी. उघड्या चुलींत अर्ध्याहून अधिक उष्णता हंड्याच्या बाजूंनीं निसटून जाते. बंबांत अग्नीलाच पाण्यानें वेढलें असल्यामुळें ती सुटून जाण्यापूर्वीं पाण्याला मिळते. राख जाळींतून खालीं पडते, धूर वरच्या नळकांड्यानें जातो. रशियांतील तुला शहर ज्या सामोवार नांवाच्या चहाच्या पात्रासाठीं प्रसिद्ध आहे, त्याचेंहि तत्त्व हेंच. आपल्याकडे पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी ह्या कामासाठीं नांवाजलेली. पत्र्यावर हातोडीचे सारखे ठोके पडत, आणि ठोक्याठोक्यानें तांबें घट्ट होत जाई. आमचा बंब मूठभर कोळशांवर आणि नारळाच्या करवंट्यांवर चार बादल्या पाणी देई. आईचा पहांटेचा एक तास त्यानें वांचविला. परंतु पाणी भरणें, विस्तव घालणें, आंतील पाणी आटूं न देणें, राख काढणें आणि आठवड्यास चिंचेनें घासणें, हीं कामें होतींच, आणि तीं तिचींच होतीं.

सोलापूर शहराचा संसारहि एका अर्थीं पाणी तापविण्यावरच उभा राहिला. १८६० मध्यें येथें आगगाडी आली, आणि १८७७ मध्यें पहिली कापडगिरणी चालूं झाली; तिलाच पुढें लोक जुनी गिरणी म्हणूं लागले. आगगाडीबरोबर दगडी कोळसा आला, कोळशानें पाण्याची वाफ झाली, आणि वाफेनें हजारों चात्या फिरूं लागल्या. पण भोंग्यावर उठणाऱ्या कामगाराच्या चाळींत स्नानाच्या पाण्यासाठीं लांकडाचा भुसा, गोवऱ्या आणि वेंचून आणलेला अर्धवट जळका कोळसा हींच साधनें होतीं. गिरणींतलें पाणी यंत्रानें तापत होतें. चाळींतलें पाणी बायकांच्या फुंकणीनें तापत होतें.

आतां पाश्चात्यांकडे वळूं. 'गीझर' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीवाटे आला, पण तो मूळचा आइसलंड बेटांतला. तेथें उसळत्या ऊन पाण्याचा एक फवारा आहे, त्याचें नांव गेसिर. १८६८ मध्यें लंडनमधील बेंजामिन मॉन नांवाच्या रंगकाम करणाऱ्या गृहस्थानें गॅसच्या ज्योतीवर वाहतें पाणी तापविण्याचें यंत्र काढलें आणि त्यास हेंच नांव दिलें. त्याच्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळी नव्हती, ही त्यांतील मोठी उणीव. ती आजहि आपल्याला भोंवते. हवा अपुरी पडली कीं गॅस पूर्णपणें जळत नाहीं, आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. आमच्या ओळखीच्या एका घरांत एक तरुण मुलगा दारें-खिडक्या लावून स्नानास गेला आणि आंतच बेशुद्ध पडला. वेळीं दार फोडलें म्हणून वांचला. गॅसचें यंत्र लावावयाचेंच असेल तर तें न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत लावावें, हें मी येथें मुद्दाम सांगतों. शेजाऱ्यांचा सल्ला मी त्याच दिवशीं बाजूस ठेविला.

राहिला विजेचा गीझर. कळ दाबली कीं काम झालें. ना धूर ना राख. पण मास्तराला हिशेब केल्याशिवाय चैन पडत नाहीं. २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाची तर जवळजवळ अर्धें युनिट वीज लागते. पांच माणसांच्या पांच बादल्या म्हणजे रोजचीं सव्वादोन युनिटें. ही वीज येते कोठून? सोलापूरजवळ फताटेवाडीस १३२० मेगावॉट शक्तीचें मोठें औष्णिक वीजकेंद्र उभें आहे. तेथें कोळसा जाळून पाण्याची वाफ करितात, वाफेनें चक्र फिरवितात आणि चक्रानें वीज निर्माण करितात. ह्या खटाटोपांत कोळशाच्या उष्णतेपैकीं चाळीस टक्के देखील विजेच्या रूपानें हातीं लागत नाहींत. कांहीं पुन्हां तारांतून येतांना गळते. मग त्या विजेनें आपण न्हाणीघरांत काय करितों? पुन्हां पाणीच तापवितों! एका युनिटास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. म्हणजे कोळशाच्या विजेवर पांच जणांचें स्नान झालें कीं दूर कोठें तरी सव्वा-दीड किलो कोळसा जळला असें समजावें. बऱ्हाणपूरच्या हमामांतल्याप्रमाणें येथेंहि भट्टी भिंतीआड गेली, एवढेंच. भिंत मात्र आतां कित्येक कोसांवर आहे.

हा हिशेब मांडीत असतां मला आईची उन्हांतली कळशी आठवली, आणि त्या युक्तीचाहि इतिहास आहे असें आढळलें. १७६७ मध्यें जिनीव्हाच्या सोस्यूर नांवाच्या शास्त्रज्ञानें कांचेच्या झांकणांची पेटी करून दाखवून दिलें कीं, ऊन कांचेंतून आंत शिरतें, पण त्याची उष्णता तितक्या सहज बाहेर पडत नाहीं. आमच्या दृष्टीनें याहूनहि महत्त्वाची गोष्ट मुंबईंत घडली. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत दख्खनवर भीषण दुष्काळ पडला होता, आणि सोलापूर जिल्हा त्यांत होरपळून निघाला. त्याच सुमारास मुंबईंत विल्यम ॲडम्स नांवाचा इंग्रज अधिकारी सपाट आरशांच्या रांगा मांडून सूर्यकिरण एका तांब्याच्या पात्रावर एकवटीत होता. त्यानें त्या उन्हानें पाणी उकळविलें, वाफ केली, आणि अडीच अश्वशक्तीचें पाणी उपसण्याचें यंत्र चालवून दाखविलें. उष्ण देशांत सरपणाऐवजीं सूर्याची उष्णता वापरावी, असें सांगणारें त्याचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईंतच छापलें गेलें. तें वाचून किती लोकांनीं कान टंवकारले असतील कोण जाणे. येथील संसार मात्र पूर्ववत् चुलवणावरच चालला.

पुढचीं पावलें अमेरिकेंत पडलीं. १८९१ मध्यें बाल्टिमोरच्या क्लेरन्स केंप यानें काळ्या रंगाच्या टांक्या कांचेच्या पेटींत घालून छपरावर ठेवण्याचें पेटंट मिळविलें. म्हणजे आईची कळशी, पण कांचेच्या घरांत! तिच्यांत दोष एक: सूर्य मावळला कीं पाणी निवूं लागे. १९०९ मध्यें कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यानें तो काढून टाकला. त्यानें पाणी तापविण्याच्या नळ्या निराळ्या आणि पाणी साठविण्याची टांकी निराळी केली, व टांकीला उष्णता कोंडून धरणारें आवरण घातलें. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर टांकींत चढतें, थंड पाणी खालीं नळ्यांत उतरतें. पंपाचें कारण नाहीं. दिवसा तापलेलें पाणी पहांटेपर्यंत ऊन राहूं लागलें. पुढें तेथें स्वस्त गॅस मिळूं लागला आणि हा धंदा मागें पडला. १९७३ मध्यें खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हां जगाला सूर्याची पुन्हां आठवण झाली. इझ्राएलनें तर १९८० मध्यें नव्या घरांस सौर बंब सक्तीचा केला. आपल्याकडे गच्च्यांवर जे सौर बंब दिसतात ते बेलीच्याच तत्त्वावर चालतात.

आठव्या दिवशीं गवंडी आला, तेव्हां मी हा सारा इतिहास घरांत सांगितला. मुलानें ऐकून घेतलें. सून म्हणाली, "मामा, तुम्हांला योग्य वाटेल तें आणा. पण सर्वांच्या आधीं उठून तें चालूं करायचें आणि सर्वांच्या शेवटीं आपण न्हायचें, एवढें माझ्याकडे नको." मी चपापलों. आठ दिवस मी सालें आणि आंकडे गोळा केले होते, पण हमामाच्या भट्टीपासून आमच्या चुलवणापर्यंत जी गोष्ट मला वारंवार भेटत होती, तिचें नांव सुनेनें एका वाक्यांत सांगितलें. पाणी कशानें तापतें हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्यासाठीं कोण उठतें हाहि महत्त्वाचा. सौर बंबासाठीं घरांतील कोणालाच उठावें लागत नाहीं. पहांटे आपण तोटी सोडतों तेव्हां सूर्यानें आपलें काम आदल्या दिवशींच उरकलेलें असतें.

सौर बंब घ्यावयाचें ठरलें. पण तो सोलापूरच्या हवापाण्यास जुळवून घ्यावा लागला. येथील अक्षांश सुमारें साडेसतरा. त्यामुळें थंडीच्या ऐन दिवसांतहि दुपारचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ४९ अंश वर असतो. यास्तव नळ्यांचें तोंड दक्षिणेस केलें, आणि सकाळीं नऊपासून दुपारीं तीनपर्यंत कशाचीहि सावली पडणार नाहीं अशी गच्चीवरची जागा पाहिली. चार-पांच माणसांस १५० लिटरची टांकी पुरते. दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या भागांत विंधन-विहिरीचें पाणी जड. तांब्याच्या बारीक नळ्यांत त्याचे क्षार बसतात आणि वाट बुजते. दुहेरी कांचेच्या, मधें निर्वात पोकळी असलेल्या जाड नळ्या साफ करावयास सोप्या, म्हणून त्या घेतल्या. फुटण्याचें भय पत्करलें. तिसरी गोष्ट अंतराची. टांकी न्हाणीघरापासून दूर असली तर ऊन पाणी येण्यापूर्वीं नळींतलें थंड पाणी वाहून जातें. ज्या शहरानें नळाच्या पाण्यासाठीं वर्षानुवर्षें दोन-दोन, तीन-तीन दिवस वाट पाहिली, त्याला ही उधळपट्टी परवडणारी नाहीं. म्हणून न्हाणीघराच्या माथ्यावरच टांकी, आणि नळीस आवरण. गवंड्यास वाट दाखविली ती अशी: वरून सरळ खालीं.

सौर बंब सर्वगुणसंपन्न आहे असें मी म्हणणार नाहीं. आरंभींचा खर्च बराच येतो. आषाढ-श्रावणांत आभाळ आठ-आठ दिवस भरून आलें तर पाणी कोमटच राहतें. वैशाखांत तर नळाचेंच पाणी इतकें तापलेलें असतें कीं सौर बंबाच्या नळ्या झांकून ठेवाव्या लागतात. ढगाळ दिवसांपुरती टांकींत विजेची कांडी घातली आहे, ती क्वचित् लागते.

आईचा बंब मी मोडींत दिला नाहीं. चिंचेनें घासून तो परसांत ठेविला आहे. गेल्या नरकचतुर्दशीस अभ्यंगस्नानासाठीं मी तो पेटविला. पहांटे चारला मीच उठलों, पाणी भरलें, करवंट्या घातल्या, आणि धुरानें डोळे भरून आले. पहिलें ऊन पाणी सुनेला दिलें, शेवटचें मी घेतलें. तें कोमट होतें. आईनें कित्येक वर्षें तसल्या पाण्यानें स्नान केलें, आणि मला तें साठी उलटल्यावर कळलें.

नवें घर बांधीत असलेल्या श्रोत्यांना माझी एवढीच विनंति आहे. गीझर, बंब, सूर्य, काय हवें तें निवडा. पण गिलावा होण्यापूर्वीं हा प्रश्न एकदां घरांत सर्वांच्या आधीं उठणाऱ्या माणसाला विचारा.